ज्येष्ठांच्या संकुलात जावं का? पुण्यातल्या घरी हा विषय पहिल्यांदाच निघाला असेल तर

आमच्या घरी हा विषय निघाला तो हॉस्पिटलमध्ये. आई बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी सोडायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "लिफ्ट आहे ना घरी?" नव्हती. सहकारनगरातली जुनी तीन मजली इमारत आणि आई-बाबा तिसऱ्या मजल्यावर. चौघांनी आईला खुर्चीत बसवून वर नेलं आणि पुढचे चार महिने ती खाली उतरली नाही. त्याच चार महिन्यांत आम्ही घाईघाईने जागा बघितल्या, नको ते प्रश्न विचारले, हवे ते विचारले नाहीत आणि एका ठिकाणी टोकन देऊन तो व्यवहार सोडूनही दिला.

पुढे नीट शोध घेतला. आई-बाबांना आता एका संकुलात राहायला जाऊन साडेतीन वर्षं झाली. माझ्या मावशीने आणि काकांनी तीच सगळी ठिकाणं पाहून कोथरूडच्या स्वतःच्या घरीच राहायचं ठरवलं, आणि त्यांचाही निर्णय मला पटतो. ओळखीतल्या कुणाच्या घरी हा विषय निघाला की मला फोन येतो. दर वेळी मी जे सांगते ते इथे क्रमाने लिहिते आहे. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते: पाय चालताहेत तोवर ठरवा. आणि जागा बघताना "इथे काय काय आहे" हे दुसऱ्यांदा विचारा. पहिल्यांदा विचारा, "मी अंथरुणाला खिळले तर इथे काय होईल?"

पहिली पायरी: आपण नक्की काय शोधतोय?

बाबांना मी पहिल्यांदा "संकुल" म्हणाले तेव्हा त्यांनी "वृद्धाश्रम" ऐकलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. या दोन गोष्टींमधला फरक घरातल्या प्रत्येकाला आधी समजायला हवा.

वृद्धाश्रमाची परंपरा पुण्यात जुनी आहे. नवी पेठेतल्या 'निवारा'ची मुळं डेव्हिड ससून यांच्या नावाच्या, एकोणिसाव्या शतकातल्या संस्थेत आहेत. तिथे खोली किंवा खाट मिळते, जेवण मिळतं आणि बऱ्याचदा आधार नसलेल्यांना प्राधान्य असतं. त्यात कमीपणा काही नाही, पण ती वेगळी सोय आहे.

ज्येष्ठांचं संकुल म्हणजे स्वतःचा, कुलूप-किल्लीचा फ्लॅट असलेली सोसायटी, जिथे राहणाऱ्यासाठी वयाची अट असते. साधारणपणे जोडप्यातल्या एकाचं तरी वय ५५ किंवा ६० च्या पुढे लागतं. जेवणघर, दवाखाना, आणीबाणीची घंटा, गाडी, कार्यक्रम अशा सोयी एकाच आवारात असतात. पुण्यात परांजपे स्कीम्सच्या 'अथश्री'मुळे हा प्रकार घरोघरी माहीत झाला. पाषाण, बाणेर, हडपसर अशा भागांत त्यांची संकुलं आहेत. आशियानाचं 'उत्सव' लवासात आहे आणि 'अमोध' तळेगावला. ही नावं शिफारस म्हणून देत नाही. प्रत्यक्ष गेल्यावर एकाच नावाच्या दोन संकुलांतही फरक दिसतो.

तिसरा प्रकार सहाय्यक निवासाचा, म्हणजे असिस्टेड लिव्हिंगचा. अंघोळ, कपडे, औषधं, उठणं-बसणं यांत रोज मदत लागते त्यांच्यासाठी. इथे फ्लॅटपेक्षा खोली असते आणि माणसं चोवीस तास हाताशी असतात. चौथा प्रकार स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या देखभालीचा. त्याला वेगळं प्रशिक्षण आणि वेगळी जागा लागते.

आमची पहिली चूक इथेच झाली. आईला तेव्हा तिसऱ्या प्रकाराची गरज होती आणि आम्ही दुसऱ्या प्रकारची माहितीपत्रकं गोळा करत होतो. बहुतेक संकुलं स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांसाठी असतात. माहितीपत्रकात आजी-आजोबा बॅडमिंटन खेळताना दिसतात, ते त्याचमुळे.

दुसरी पायरी: दोघांना वेगवेगळं विचारा

आई आणि बाबा शेजारी बसलेले असताना विचारलं की एकच उत्तर मिळतं, आणि ते सहसा जो मोठ्याने बोलतो त्याचं असतं. मी आईबरोबर एक दुपार काढली, तेव्हा ती म्हणाली, "पन्नास वर्षं दोन्ही वेळचा स्वयंपाक केला. आता कुणीतरी ताट पुढ्यात आणून ठेवावं एवढंच वाटतं." बाबांना घेऊन तळजाईवर गेले, तेव्हा ते म्हणाले, "मला रोज इथे यायचंय. बाकी कुठेही ठेवा." ही दोन वाक्यं हाताशी आल्यावर शोध सोपा झाला. जेवणघर चांगलं हवं आणि चालायला मोकळी जागा हवी. स्विमिंग पूल आणि छोटं थिएटर आमच्या यादीतून आपोआप गळाले.

मुलांनीही स्वतःला एक प्रश्न विचारावा. ही जागा आई-वडिलांच्या सोयीसाठी हवी आहे की आपली काळजी कमी व्हावी म्हणून? दुसरं कारण वाईट नाही. माझा भाऊ न्यू जर्सीत आहे, त्याला रात्री फोन वाजला की धडकी भरायची. पण ते आपलं कारण आहे हे कबूल करून बोललं तर आई-वडील समजून घेतात. "तुमच्या भल्यासाठीच" असं पुन्हा पुन्हा म्हटलं की ते हट्टाला पेटतात. आणि "लोक काय म्हणतील" याची भीती मुलांनाच जास्त असते, असा माझा अनुभव आहे. आमच्या नात्यात कुजबुज झाली, वर्षभरात थांबली, आणि कुजबुजणाऱ्यांपैकी दोघींनी नंतर मला फोन करून चौकशी केली.

तिसरी पायरी: आताच्या घराचा खरा खर्च लिहून काढा

संकुलाचा महिन्याचा आकडा ऐकला की पहिली प्रतिक्रिया "बापरे!" अशीच येते. कारण घरच्या खर्चाची बेरीज आपण कधी केलेली नसते. सोसायटीचा मेंटेनन्स, धुण्याभांड्याची बाई, पोळ्यांची बाई, वीज, गॅस, किराणा, भाजी, रिक्षा, प्लंबर, मिळकतकर हे सगळं एका कागदावर लिहा. खाली एक वेगळी ओळ ठेवा: ब्युरोची बाई, म्हणजे एजन्सीमार्फत येणारी, आजारी किंवा म्हाताऱ्या माणसाला सांभाळणारी बाई. आज लागत नसेल तरी लिहा. चोवीस तासांच्या बाईचे दिवसाला १,००० रुपये धरले तर महिन्याला ३०,००० होतात. शिवाय तिचं जेवण आणि ती गावी गेली की बदलीची शोधाशोध. ही ओळ घातली की दोन्ही बाजूंचे आकडे बरेच जवळ येतात.

मग संकुलाच्या बाजूचा हिशेब. पैशांच्या रचना साधारण तीन आहेत.

एक, फ्लॅट विकत घ्यायचा. पुण्यात मुद्रांक शुल्क एकूण ७ टक्के पडतं, खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत मिळते. नोंदणी शुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये. वर सेवांचं मासिक बिल वेगळं. दोन, मोठं डिपॉझिट भरून राहायचा हक्क घ्यायचा. घर नावावर होत नाही, सोडताना किंवा पश्चात रक्कम परत मिळते, बहुधा काही कपात करून. तीन, फक्त महिन्याचं भाडं आणि सेवा.

जुना फ्लॅट विकून पैसे उभे करणार असाल तर आधी सीएंकडे जा, मग दलालाकडे. विक्रीतून झालेल्या भांडवली नफ्यावरची सूट दुसरं राहतं घर विकत घेण्याशी बांधलेली आहे: विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा नंतर दोन वर्षांत घेतलेलं घर. डिपॉझिट म्हणजे घर विकत घेणं नव्हे. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला हे विक्रीनंतर कळलं. मग सहा महिन्यांच्या मुदतीत भांडवली नफ्याच्या रोख्यांत पैसे घालायची धावपळ झाली, आणि तिथेही मर्यादा ५० लाखांची.

महागाई विसरू नका. आज महिन्याला ४०,००० रुपये लागत असतील आणि दर वर्षी ८ टक्के वाढ झाली, तर नऊ वर्षांनी तोच आकडा ८०,००० च्या घरात जातो. ६८ व्या वर्षी जाणाऱ्याला तेव्हा ७७ वं वर्ष लागलेलं असेल, म्हणजे सेवा सगळ्यात जास्त लागायची तेव्हाच. उत्पन्नाची बाजूही तशीच मांडा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एकाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. ८.२ टक्के दराने तिमाहीला ६१,५०० रुपये मिळतात, म्हणजे महिन्याला २०,५००. पण हे व्याज महागाईबरोबर वाढत नाही. पहिल्या वर्षी उत्पन्न आणि खर्च बरोबरीत येत असतील, तर ते संकुल तुम्हाला परवडत नाही असंच समजा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इतक्या स्पष्टपणे लिहिते आहे.

मासिक बिलावरच्या जीएसटीबद्दल विचारा. सांगितलेला आकडा करासह आहे की कराआधीचा, हे लेखी घ्या.

चौथी पायरी: नकाशावर नाही, संध्याकाळी सहाच्या रहदारीत अंतर मोजा

आमच्या यादीत पिरंगुटच्या बाजूची एक फार सुंदर जागा होती. डोंगर, हिरवळ, स्वच्छ हवा. "चांदणी चौक वीस मिनिटांवर," असं दाखवणाऱ्याने सांगितलं. तेव्हा रविवारची सकाळ होती. सोमवारी संध्याकाळी मी मुद्दाम भूगावमार्गे गेले आणि एरंडवण्यातल्या दीनानाथ मंगेशकर हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत घड्याळ लावलं. ती वेळ बघून ती जागा मी मनातून काढून टाकली.

तुमचं ज्या हॉस्पिटलशी नातं आहे, जिथे फाइल आहे, डॉक्टर ओळखतात, तिथपर्यंतचा वेळ मोजा. शिवाय सगळ्यात जवळ आयसीयू कुठे आहे ते बघा. आवारात रुग्णवाहिका उभी असते असं सांगतात. रात्री तिचा चालक आवारात झोपतो का, ते विचारा. १०८ ची सरकारी रुग्णवाहिका सगळीकडे येते, पण तिला तिथे पोचायला किती वेळ लागतो हे गावातल्या एखाद्या मेडिकलवाल्याला विचारलं तर खरं उत्तर मिळतं.

अंतराचा दुसरा अर्थ माणसांचा. बाबांचे बँकेतले मित्र दर गुरुवारी शहरात भेटतात. आईला डिसेंबरात सवाई आणि उन्हाळ्यात टिळक स्मारकला वसंत व्याख्यानमाला चुकवायची नसते. लवासासारख्या ठिकाणी हवा आणि शांतता मिळेल, पण नाटकाला बालगंधर्वला येणं म्हणजे दिवसभराचा प्रवास. तळेगावला लोकल आहे, हा मोठा आधार, पण स्टेशनचा जिना कुणाला चढायचाय तेही बघा. शहराबाहेर गेलेल्या माणसाकडे पहिले सहा महिने सगळे येतात. नंतर सणासुदीला. हे आपल्या गोतावळ्यालाही लागू आहे, असं धरूनच अंतर ठरवा.

पाचवी पायरी: तीनदा जा, आणि एकदा पावसाळ्यात

पहिल्यांदा वेळ घेऊन जा. ते जे दाखवतात ते बघा. दुसऱ्यांदा न सांगता जेवणाच्या वेळी जा, पैसे देऊन जेवा. पोळी चावते का, भाजीत तेल किती, मीठ कमी हवं असणाऱ्यांसाठी वेगळी भाजी आहे का, आणि मुख्य म्हणजे लोक एकमेकांशी बोलत जेवताहेत की आपापला डबा भरून खोलीत नेताहेत? मला एका ठिकाणी जेवणघर चकाचक आणि रिकामं दिसलं. सगळे डबे नेत होते. तिथे आई एकटी पडली असती.

तिसऱ्यांदा जुलैत जा. पुण्याचा पाऊस आवाराची परीक्षा घेतो. फरशी ओली असताना चालून बघा, गच्चीतून गळतंय का, बेसमेंटमध्ये पाणी साठतंय का, वीज गेल्यावर लिफ्ट किती वेळात सुरू होते.

खिशात टेप न्या. महारेराने, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, मे २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना खास मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आहेत. दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद, एकाहून जास्त मजले असतील तर लिफ्ट, व्हीलचेअर जाईल अशी सोय, जिन्याला कठडे, न घसरणाऱ्या फरशा, बाथरूममध्ये आधाराचे दांडे अशा गोष्टी त्यात आहेत. त्याआधी बांधलेल्या इमारतींत हे असेलच असं नाही, म्हणून स्वतः मोजा. बाथरूमचं दार आत उघडतं का, हे नक्की बघा. आत पडलेल्या माणसामुळे असं दार अडकतं. आमच्या जुन्या घरी आई पडली तेव्हा नेमकं हेच झालं होतं. बाबांना ते ढकलता येईना आणि आईला सरकता येईना.

आणीबाणीची घंटा दाबून बघायची परवानगी मागा. मी मागितली तेव्हा दाखवणारा जरा कचरला, पण हो म्हणाला. चार मिनिटांत एक मुलगी धावत आली, तिच्या हातात रक्तदाब बघायचं यंत्र होतं. जिथे आई-बाबा राहतात ते हेच ठिकाण. त्याआधी पाहिलेल्या एका जागी घंटेचा आवाज गेटवरच्या वॉचमनच्या केबिनमध्ये वाजत होता आणि वॉचमन गाड्यांची नोंद करत होता.

बाकावर बसलेल्यांशी बोला, पण "कसं आहे इथे?" असं विचारू नका, सगळे "छान" म्हणतात. "मागच्या वर्षी मेंटेनन्स किती वाढला?", "शेवटची मीटिंग कशावरून तापली?", "इथून कुणी सोडून गेलं का, आणि का?" असे प्रश्न विचारा. शेवटच्या प्रश्नाला मिळालेली उत्तरं मला सगळ्यात उपयोगी पडली. सूचनाफलकही वाचा. त्यावर गेल्या आठवड्यातलं काही आहे की गेल्या दिवाळीतलं?

सहावी पायरी: कागद, आणि त्यातलं एक कलम

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकून बघणं, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटी झाली आहे का, कन्व्हेयन्स डीड झालं का (म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर झाली का), हे कोणत्याही फ्लॅटसारखंच. वकिलाला दाखवा आणि मोकळे व्हा.

वेळ द्यायचा तो सेवांच्या कराराला. घराचा करार वेगळा असतो, सेवांचा वेगळा. सेवा देणारी कंपनी बिल्डरच असेल असं नाही. ती निघून गेली तर जेवणघर आणि दवाखाना कोण चालवणार? दर कोण आणि किती वाढवू शकतं? महिनाभर मुलीकडे गेलं तर जेवणाचे पैसे कापतात का?

आणि ते एक कलम. "रहिवासी स्वतंत्रपणे राहण्यास असमर्थ झाल्यास" अशा अर्थाचं वाक्य शोधा. त्यापुढे काय लिहिलंय? बाबांच्या एका सहकाऱ्यांना दुसऱ्या एका संकुलात राहायला जाऊन तीन वर्षं झाली होती, तेव्हा त्यांच्या पत्नीला विस्मरण सुरू झालं. ती रात्री बाहेर फिरायला लागली. व्यवस्थापनाने नम्रपणे पण ठामपणे कळवलं की त्यांना दुसरीकडे हलवा. करारात तसं होतं. सही करताना कुणी वाचलं नव्हतं. सत्तरीत एकदा घर मोडलेल्या त्या गृहस्थांना ७४ व्या वर्षी पुन्हा मोडावं लागलं. म्हणून लेखी विचारा: असमर्थ कोण ठरवणार? बाहेरची बाई चोवीस तास ठेवायला परवानगी आहे का? ती कुठे झोपेल? याच आवारात सहाय्यक निवास आहे का, आणि तिथे आपल्याला अग्रक्रम आहे का?

वारसांबद्दलही नीट समजून घ्या. विकत घेतलेला फ्लॅट मुलांकडे वारशाने येतो, पण वयाची अट पूर्ण होईपर्यंत त्यांना तिथे राहता येत नाही, असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. विकायचा तर ग्राहकही ज्येष्ठच हवा, म्हणजे गिऱ्हाईक कमी आणि वेळ जास्त. गुंतवणूक म्हणून हे घर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, त्यामुळे मृत्युपत्र वेगळं कराच.

एक कळकळीची विनंती. पैसे उभे करण्यासाठी किंवा प्रेमापोटी जुनं घर मुलांच्या नावावर बक्षीसपत्राने करणार असाल तर "आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर" हे त्या कागदात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार अशी अट पाळली गेली नाही तर ते हस्तांतर रद्द करून मागता येतं. अट लिहिण्यात अविश्वास नाही. मुलं चांगली असतील तर त्या ओळीने त्यांचं काही बिघडत नाही.

सातवी पायरी: आधी भाड्याने राहा

सगळ्यांत चांगला सल्ला मला बाकावरच्या एका आजींनी दिला. "विकत घेऊ नका, वर्षभर भाड्याने राहा." संकुलांत परदेशी असलेल्या किंवा अजून राहायला न आलेल्या मालकांचे फ्लॅट भाड्याने मिळतात. लीव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे भाड्याने राहण्याचा करार, नोंदवणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे, ऑनलाइन होतो, अकरा महिन्यांचा करा. काही ठिकाणी आठ-पंधरा दिवसांचा चाचणी मुक्काम असतो. तो उपयोगी आहे, पण पंधरा दिवस पाहुणचाराचे असतात. खरं कळतं ते चौथ्या महिन्यात.

पुण्यात सध्या याला एक आयतं निमित्त आहे. कोथरूड, सहकारनगर, एरंडवणे भागातल्या लिफ्ट नसलेल्या जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला जात आहेत. दोन-तीन वर्षं घर रिकामं करावं लागतं आणि बिल्डर भाडं देतो. ते भाडं संकुलात द्या. इमारत उभी राहीपर्यंत तुम्हाला तिथलं आयुष्य आवडतंय का ते कळतं, आणि नाही आवडलं तर नव्या, लिफ्टच्या घरात परत येता येतं. आम्ही नेमकं हेच केलं. आमच्या इमारतीचा ताबा गेल्या वर्षी मिळाला. आई-बाबा परत आले नाहीत, तो फ्लॅट भाड्याने दिला आहे आणि त्यातून संकुलाचा बराचसा खर्च निघतो.

तिथे गेल्यावर काय मिळतं, काय जातं

हे मी पायरीत घातलं नाही, कारण याचा हिशेब प्रत्येकाला स्वतःच करावा लागतो. आमचा सांगते.

आईला सहा महिन्यांत चार मैत्रिणी झाल्या. ७३ व्या वर्षी नवी जिवलग मैत्रीण होऊ शकते, हे मला तिच्याकडे बघून कळलं. दुपारी भजन, संध्याकाळी पत्ते. स्वयंपाक सुटला आणि मग आठवड्यातून एकदा ती आवडीने थालीपिठं लावायला लागली. रात्री ताप आला तर खाली नर्स आहे. आम्ही भेटायला जातो तेव्हा गप्पा मारतो. पूर्वी भेटीचा अर्धा वेळ बिलं, नळ आणि औषधं यांत जायचा.

बाबांना पहिले तीन महिने फार जड गेले. ओळखीचा पेपरवाला नाही, दुकानदाराने "काय काका" म्हणणं नाही. खाली खेळणाऱ्या मुलांचा आवाज नाही, हे त्यांना सगळ्यात जास्त टोचलं. आणि मृत्यू. शंभर-सव्वाशे घरांत सगळेच सत्तरीचे, त्यामुळे फलकावर श्रद्धांजलीची चिठ्ठी वारंवार लागते. बाबांचा सकाळी बरोबर फिरणारा मित्र वर्षभरात गेला. दुसरीकडे, तिथे कुणाचंही दुःख एकट्याचं राहत नाही. त्या मित्राच्या पत्नीला पंधरा दिवस कुणी एकटं जेवू दिलं नाही. बाबा आता म्हणतात, "चाळीत होतं तसं आहे." त्यांच्या तोंडून ही स्तुती आहे.

चाळीसारखीच भांडणंही आहेत. गणपतीची वर्गणी, जेवणातला कांदा, कमिटीची निवडणूक. ज्याला चार माणसांत मिसळायला मुळीच आवडत नाही, त्याला ही जागा जाच वाटेल.

मावशीने नाही का म्हटलं

मावशीच्या मजल्यावर तिन्ही दारं तिच्यासाठी उघडी असतात. लिफ्ट आहे, मुलगा दहा मिनिटांवर राहतो, काका ज्येष्ठ नागरिक संघाचे काम बघतात. असं असेल तर हलू नका. तिने संकुलातल्या चांगल्या गोष्टी घरी आणल्या: बाथरूमला दांडे, दार बाहेर उघडणारं, कमोडची उंची वाढवली, रात्रभर जळणारा छोटा दिवा, दुपारचा डबा, आठवड्याला फिजिओ, शेजारणीकडे किल्ली. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आणि पोलिसांची १०९० हे दोन्ही क्रमांक फोनशेजारी मोठ्या अक्षरांत लावलेले. दोघंही सत्तरीच्या पुढची, त्यामुळे आयुष्मान भारतचं कार्ड काढलं. ऑक्टोबर २०२४ पासून ७० च्या पुढच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता, कुटुंबाला मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. आपलं हॉस्पिटल त्या यादीत आहे का, हे मात्र आधीच बघून ठेवावं.

पण काका-मावशींनी एक गोष्ट कागदावर लिहून मुलाकडे दिली आहे: दोघांपैकी एक जण गेला किंवा एकाला रोज उचलावं लागायला लागलं, तर कोणत्या दोन ठिकाणी चौकशी करायची. निर्णय तेव्हा मुलाने करायचा, पण यादी त्यांची.

हलायचं ठरलं तर

सामान एका फेरीत नेऊ नका. पलंग, उशा, देवघर आणि भिंतीवरचं घड्याळ जुनंच न्या, आणि पलंगाची बाजू बदलू नका. आई डावीकडून उतरायची, नव्या खोलीत भिंत डावीकडे आली म्हणून आम्ही खोलीच उलटी लावली. गॅसचा पत्ता, बँक, पेन्शनची शाखा आणि आधारवरचा पत्ता पहिल्या महिन्यात बदलून घ्या, म्हणजे नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची धावपळ होत नाही. औषधांची यादी, रक्तगट, विम्याचा क्रमांक आणि दोन फोन नंबर दाराच्या आतल्या बाजूला लावा.

पहिल्या दोन रात्री तुम्ही तिथेच झोपा. रात्री दोन वाजता दिवा न लावता दोघांनाही पलंगापासून बाथरूमपर्यंत आणि परत एकदा चालायला लावा, मागे तुम्ही उभे राहून. आमच्याकडे बाबा तेव्हा टीपॉयला अडखळले. सकाळी पहिला चहा घ्यायच्या आधी तो टीपॉय मी गाडीत टाकला.